दोनशे शब्दांत गाव

ग्रामसेवक ढेकळे म्हणाले, गुरुजी,
फाट्यावर पाटी लावायचीय, निधी आलाय,
गावाचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे
दोनशे शब्दांत बसवा.
सरपंचांचं नाव धरून.

मी टेपावर चढलो.
बालाघाटाचा हा शेवटचा गुडघा,
इथून पुढं बार्शीकडं जमीन पाय पसरून बसते.
वरून खडकोणी दिसते तेवढीच :
एकशे चाळीस पत्रे, एक पिंपरण, दोन टॉवर
आणि मधून गेलेला ओढा,
ज्याला पाणी नसतं, मान असतो.

कारण ओढ्याच्या अलीकडं इंग्रजी होतं,
पलीकडं मोगलाई.
इकडं कलदार चालायचा, तिकडं हाली.
वाटणी होऊन दोन तीरांना गेलेल्या भावांचे
राजे दोन होते
आणि नांगर एकच.

सरहद्दीचा दगड मी शोधला.
रझाकाराच्या सालानंतर कुणीतरी उचलून नेलेला,
तो आता विठाबाई गाडव्यांच्या न्हाणीत आहे.
पाय घासायला बरा पडतो म्हणाल्या.

मारुतीच्या मागं वीरगळ.
खालच्या चौकटीत गाई, मधल्यात झुंज,
वर चंद्र-सूर्य.
गाईंची शिंगं अजून मोजता येतात.
ज्यानं त्या सोडवल्या त्याचं तोंड
विळे घासून घासून गेलंय.
बारवेला बावीस पायऱ्या, पाण्याखालच्या सोडून.
शाळेची घंटा म्हणजे बार्शीच्या छोट्या गाडीचा
हातभर रूळ, भंगारातून आणलेला.
टोल दिला की वर्ग सुटायच्या आधी
टेपावरचे होले उडतात.

करोडगिरीचा नाका होता तिथं
पिठाची गिरणी आहे.
दस्तगीर मुलाणी चालवतो.
त्याचा पणजा नाक्यावर शिपाई.
"आमचं खानदान तोलण्यातलंच, गुर्जी,"
म्हणतो, आणि भुवयांवरचं पीठ झटकतो.

सोना लोहारणीची गोष्ट त्यानंच सांगितली.
मिठावर जकात होती तेव्हा
ती अलीकडच्या काठावर घागरीत मीठ विरघळवायची,
चुंबळ, त्यावर घागर,
आणि शिपायापुढून ताठ मानेनं पलीकडं.
बाई पाण्याला चाललीय, त्यात काय बघायचं?
घरी चुलीवर आटवायची.
लोहाराच्या घरी जळण कमी नव्हतं.

"एका उन्हाळ्यात पणजानं तिला पाणी मागितलं म्हणं."
गिरणीचा पट्टा निसटला, तो बसवेपर्यंत दस्तगीर गप्प.
मग?
"मग काय. नाय म्हणता येतंय का पाण्याला?
दिलं तिनं. ओंजळभर.
त्यानं पिलं. सगळं.
मिशा पुसल्या, अन् म्हणला,
ग्वाड हाय."

हे कुठल्या चौकटीत बसवू?
ढेकळे पुरावा मागतील.
पुराव्यादाखल माझ्याकडं
सव्वा किलो ज्वारीचं गरम पीठ.

एकशे त्र्याण्णव शब्द भरले.
मारुती, वीरगळ, बारव, टेप,
लोकसंख्या, हागणदारीमुक्त.
सोना आली नाही. शिपाईही नाही.

सोलापूरहून पेंटर आला, नरसिंग बोल्ली,
चादरीच्या कारखान्यांची नावं रंगवलेला हात,
कारखाने बंद पडले तरी वळण सुटलेलं नाही.
सरपंच ठळक आले.
'खडकोणी'चं 'खडकोनी' झालं,
मी बघितलं, आणि चहा सांगितला.

"खाली वीतभर जागा उरली सर, काय टाकू?"

मी म्हटलं, एक बाण काढा, गिरणीकडं.
दस्तगीरचा रांजण असतो दारात, ओल्या फडक्यातला.
लिहा : पिण्याचे पाणी.

त्यानं निळ्या रंगात ब्रश बुडवला, थांबला.
"गोडं, का मचूळ? लोक विचारतात."

तेवढं, म्हटलं,
पिणाऱ्यावर सोडा.